काळ्या दगडावर कोन क्रशर: नऊ महिन्यांचा अनुभव

आमची खाण शिळफाट्याच्या पुढे. खडी जाते महापे-तुर्भ्याच्या आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटना. दिवाळीनंतर आम्ही दगड आपटून फोडणारा इम्पॅक्टर काढून दगड दाबून फोडणारा कोन क्रशर बसवला. त्याच्या आधी मोठा दगड जबड्यात चिरडणारा तीस बाय वीस इंचांचा जॉ क्रशर तोच ठेवला. नवीन लाईन टाकणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

इम्पॅक्टर वाईट मशीन नाही. खडीला आकार झकास देतो, चुनखडीवर तर त्याला तोड नाही. पण आपल्याकडचा काळा पाषाण त्याचे ब्लो बार, म्हणजे दगडावर आपटणाऱ्या पट्ट्या, अक्षरशः खातो. बार बदलायचे म्हणजे लाईन बंद, डंपर रांगेत आणि प्लांटवाल्यांचे फोन. कोनचे लायनर, म्हणजे आतलं झिजणारं अस्तर, त्यामानाने खूप टिकतात. आमचा पहिला सेट पाच महिने चालला.

पहिला महिना मात्र आमची झोप उडाली होती. वीस एमएम खडी चपटी निघायला लागली आणि एका प्लांटने दोन डंपर परत पाठवले. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत चपट्या आणि लांबट दाण्यांची मिळून मर्यादा ४० टक्के आहे, आम्ही तिच्या वर गेलो होतो. आम्ही मशीनला शिव्या देत होतो, पण चूक आमची होती. जॉचा माल बेल्टवरून थेट कोनमध्ये पडायचा. डंपर रिकामा झाला की लोंढा, मग पाच मिनिटं नुसता खडखडाट. कोनला तोंडापर्यंत भरलेलं पोट लागतं. दगडावर दगड दाबला गेला तरच दाणा चौकोनी निघतो. मध्ये माल साठवणारा हॉपर आणि तो एकसारखा सोडणारा फीडर टाकला, त्याच आठवड्यात फरक दिसला. आता आमचा ऑपरेटर बेल्टवरची मूठभर खडी तळहातावर पसरून बघतो आणि मगच कोनच्या गॅपला, म्हणजे माल बाहेर पडायच्या फटीला, हात लावतो. हॉपरचा खर्च कोटेशनमध्ये कुठेच नव्हता. तो पहिल्यापासून धरा.

दुसरा दणका लोखंडाचा. बेल्टवर मॅग्नेट होता, म्हणून आम्ही निर्धास्त. जॉ प्लेटचा एक टवका उडून कोनमध्ये गेला. मँगनीज स्टीलला चुंबक धरत नाही, हे तेव्हा कळलं. हायड्रॉलिकने गॅप उघडून मशीन वाचवलं, पण मँटलला, म्हणजे आतल्या लायनरला, हाताच्या बोटाएवढी खाच पडली. मेटल डिटेक्टर लगेच बसवून घेतला.

पावसाळ्यात वरच्या थराचा ओला मुरूम कोनमध्ये चिकटून बसतो, दाबाने वरची रिंग उसळायला लागते, चाळणीच्या जाळ्याही बुजतात. म्हणून जॉच्या आधीच्या ग्रिझलीच्या, म्हणजे मुरूम गाळणाऱ्या जाड चाळणीच्या, पट्ट्यांतली फट वाढवली. थोडा चांगला दगडही मुरमासोबत जातो, पण लाईन चालू राहते. पावसात एवढं सोसावंच लागतं.

विकणारा ताशी टनांचा आकडा सांगतो तो कोरड्या, स्वच्छ दगडाचा असतो. त्यापेक्षा जॉमधून बाहेर पडणारा मोठ्यात मोठा दगड किती इंची आणि कोनचं तोंड किती, हे विचारा. तोंड लहान असेल तर दगड वरच अडकतो आणि माणसाला पहार घेऊन चढावं लागतं. मशीन बंद करून, लॉक लावूनच चढवा, घाई कितीही असो.

कोनखालची डस्ट म्हणजे क्रश सँड, दगड फोडून केलेली बांधकामाची वाळू, नव्हे. गिऱ्हाईक रोज वाळू मागतं, त्यासाठी व्हीएसआय हे वाळू करायचं वेगळं मशीन लागेल. ते पुढच्या दिवाळीनंतर बघू, पण आमच्याच खाणीचा दोन डंपर दगड समोर फोडून दाखवल्याशिवाय ॲडव्हान्स देणार नाही.