लिनिया टी-जेट: आधी इंधन, मग बूस्ट. पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

माझी २०११ ची फियाट लिनिया टी-जेट, म्हणजे टर्बो पेट्रोल, गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर नव्या इंजेक्टरांवर (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या) आणि नव्या मॅपवर (किती पेट्रोल, किती बूस्ट हे ठरवणारे, इंजिनाच्या संगणकातले म्हणजे ईसीयूतले तक्ते) आली. त्यानंतर तिने ताम्हिणीतला मुसळधार पाऊस, डिसेंबरातल्या पहाटेची थंडी आणि कोकणातला मे महिना असं सगळं पाहिलं. टर्बो गाडीचं काम नीट झालंय का, ते भर उन्हात घाट चढतानाच कळतं. म्हणून एवढे महिने थांबलो आणि आता लिहितोय. ज्यांच्याकडे लिनिया किंवा पुंटो आहे त्यांना याचा सरळ उपयोग होईल, पण पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरच्या तोंडाशी फवारणाऱ्या) कुठल्याही टर्बो पेट्रोल गाडीला हाच हिशोब लागू पडतो.

आधी इंजिनाबद्दल थोडं, कारण सगळं प्लॅनिंग त्यावरच उभं आहे. १३६८ सीसीचं हे टी-जेट इंजिन फियाटने भारतात वेगवेगळ्या अवतारांत विकलं. माझ्या लिनियात ११४ पीएस ताकद आणि २०७ एनएम टॉर्क, २०१६ च्या लिनिया १२५ एसमध्ये १२५ पीएस, आणि अबार्थ पुंटोत १४५ पीएस व २१२ एनएम. युरोपात ग्रँडे पुंटो अबार्थ १५५ पर्यंत गेली, आणि अबार्थचंच एसेएसे नावाचं किट लावलं की १८०. पण त्या १८० साठी कंपनीने मोठा गॅरेटचा टर्बो दिला, सोबत ब्रेक आणि स्प्रिंगही बदलल्या. बारकाईने बघा, कंपनीनेच मर्यादा आखून दिलेली आहे: छोट्या, आयएचआय कंपनीच्या मूळ टर्बोवर दीडशेच्या आसपास थांबायचं, त्यापुढे सगळंच बदलायचं. मी १४५ चं ध्येय ठेवलं. रांजणगावच्या कारखान्यातून याच ताकदीची अबार्थ बाहेर पडत होती, त्यामुळे इंजिन हे झेलतं का, हा प्रश्नच नव्हता.

प्रश्न होता तेवढं पेट्रोल पोचतं का हा. बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि थेट रीमॅप मारून मोकळे होतात. एका ट्यूनरने मला लॉग (चालत्या गाडीतल्या सेन्सरांची नोंद) न मागताच मॅपची फाइल देऊ केली होती, 'सगळ्या टी-जेटला हीच टाकतो' म्हणाला. मी ती घेतली नाही. पंधरा वर्षांच्या गाडीतला पेट्रोलचा पंप, वायरिंग, इंजेक्टर कुठल्या अवस्थेत आहेत हे न बघता कोणी बूस्ट (टर्बो ज्या दाबाने इंजिनात हवा कोंबतो तो) वाढवत असेल, तर तिथून गाडी घेऊन निघावं.

आम्ही आधी मूळ मॅपवरच लॉग घेतला. ५५०० आरपीएमला इंजिनाच्या दोन फेऱ्यांना, म्हणजे एका पूर्ण चक्राला, २१.८ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात माझे इंजेक्टर पंधरा मिलिसेकंदांहून थोडे जास्त उघडे होते. म्हणजे ड्युटी ७० टक्के. ताकद ११४ वरून १४५ वर न्यायची तर पेट्रोल त्याच प्रमाणात वाढणार, म्हणून ड्युटी ८९ टक्क्यांच्या घरात जाते. ८५ च्या वर कायम चालवू नये हा साधा नियम आहे, म्हणजे मूळ इंजेक्टर तिथेच बाद झाले.

यात अजून एक गोष्ट धरायची राहते, आणि ती फार कमी जण धरतात. पंपाकडे परत जाणारी नळी नसलेल्या, म्हणजे रिटर्नलेस गाड्यांत रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब सहसा स्थिर असतो. तो ३.५ बार धरा. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपात, ०.६ बार बूस्ट असेल तर इंजेक्टरच्या दोन टोकांमध्ये २.९ बारचाच फरक उरतो. बूस्ट १ बार केला की २.५. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तोच इंजेक्टर सुमारे सात टक्के कमी पेट्रोल देऊ लागतो. ८९ चे मग ९६ होतात. ज्या क्षणी इंजिनाला सर्वात जास्त पेट्रोल हवं असतं, नेमकं तेव्हाच ते आटतं, आणि इंजिन आतून तापतं. पिस्टन वितळण्याच्या ज्या कहाण्या आपण ऐकतो, त्यातल्या कित्येकांचं मूळ या साध्या गणितात सापडेल.

म्हणून ३५० सीसी प्रति मिनिटाचे बॉशचे चार इंजेक्टर घेतले, एकाच बेंचवर मोजून जुळवलेले. आता पूर्ण लोडला ड्युटी ७० च्या आसपास राहते. पंपाच्या बाबतीत मात्र आधी वायर तपासली. बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि पंपाच्या कनेक्टरवर जेमतेम १२. जुन्या तारा आणि गंजलेली अर्थिंग. पंपासाठी वेगळा रिले आणि जाड वायर टाकली, सीटखालची अर्थिंग घासून साफ केली. हे काम सर्वात स्वस्तात झालं आणि त्याचा फायदा लगेच दिसला. त्यानंतर ताशी २५५ लिटरचा वॉलब्रो पंप बसवला. रेलवर प्रेशर सेन्सर लावून खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये लॉग घेतला तेव्हा दाबाची रेषा हलली नाही, आणि मगच पुढच्या कामाला लागलो.

इथे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. फेब्रुवारी २०२३ मध्ये हे पेट्रोल आलं आणि आता जवळपास सगळ्या पेट्रोल पंपांवर तेच मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, ई-१० ला सुमारे १४.१, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी ई-१० पेक्षा चार-साडेचार टक्के आणि शुद्ध पेट्रोलपेक्षा नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. क्रूझिंगमध्ये मूळ ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. फ्यूल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली दुरुस्ती) अधिककडे सरकलेला दिसतो तो त्यामुळेच. पण पॅडल पूर्ण दाबलं की तो सेन्सर बाजूला पडतो आणि मॅपमध्ये जे लिहिलंय तेवढंच पेट्रोल जातं. २०११ मध्ये मॅप लिहिणाऱ्या माणसाने ई-२० चा विचार केला असण्याची शक्यताच नाही.

म्हणूनच या सगळ्यात मला सगळ्यात मोलाची वाटलेली वस्तू म्हणजे वाइडबँड, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा गेज. एईएमचा एक्स-सीरिज गेज आहे, आत बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर. बसवून वीस-बावीस हजार गेले, पण एकही रुपया वाया गेला असं वाटत नाही. एक आग्रहाचं सांगणं: गेज लॅम्ब्डावर ठेवा (लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे तो आकडा; १ म्हणजे अचूक, कमी म्हणजे पेट्रोल जास्त). एअर-फ्यूल रेशोचे आकडे शुद्ध पेट्रोलच्या हिशोबाने छापलेले असतात, इथेनॉल मिसळलं की त्यांचा अर्थ बदलतो. लॅम्ब्डा कुठल्याही इंधनाला तोच राहतो. माझी गाडी पूर्ण बूस्टवर ०.८० ते ०.८२ ला चालते आणि एवढ्या महिन्यांत तिने ती जागा सोडलेली नाही.

इथेनॉलचा दुसरा मुद्दा रबराचा. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे पाइप, सील ई-२० धरून बनवलेले नाहीत. माझे इंजिनाकडचे जुने पाइप दाबले की तडे दिसत होते. सगळे काढून आर-९ दर्जाचे, आतून फ्लोरोइलास्टोमरचं अस्तर असलेले पाइप घातले. तुमची गाडी रीमॅप करायची नसेल तरी एवढं तरी कराच. गरम टर्बोशेजारी पेट्रोल झिरपणं हा फार गंभीर धोका आहे.

आता मॅप. बॉशचा मूळ ईसीयूच ठेवला, त्यातलाच मॅप बदलून घेतला. मूळ ईसीयूला बाहेरून जोडायचा पिगीबॅक बॉक्स स्वस्त मिळतो, पण तो सेन्सरचा आकडा बदलून ईसीयूला फसवतो, आणि जो ईसीयू चुकीच्या माहितीवर चालतोय त्याच्याकडून इंजिनाच्या रक्षणाची अपेक्षा कशी ठेवायची? मूळ काढून त्याजागी बसवायचा स्टँडअलोन ईसीयू मला रोजच्या गाडीसाठी अनावश्यक वाटला: एसी, इमोबिलायझर, इन्स्ट्रुमेंट क्लस्टर, सगळ्यांशी त्याचं जुळवून घ्यावं लागतं. मूळ ईसीयू टॉर्कच्या हिशोबाने विचार करतो. नुसता बूस्ट वाढवला आणि टॉर्कच्या मर्यादा तशाच ठेवल्या, तर तो थ्रॉटल मिटून घेतो आणि ड्रायव्हरला वाटतं टर्बोच दमला. आमच्या ट्यूनरने हे टेबल आधी हाताळलं, तिथेच त्याच्यावर विश्वास बसला.

कमी आरपीएमला टॉर्क मुद्दाम आवरता ठेवला आहे. क्लच मूळचाच आहे आणि २००० ला एकदम लाथ बसली तर तो आधी जाईल. ५००० नंतर बूस्ट हळूहळू उतरू दिला, कारण छोटा टर्बो तिथे दाबापेक्षा उष्णताच जास्त देतो. गाडी २५०० ते ५००० मध्ये जिवंत असते. घाटात ट्रकच्या मागून बाहेर पडायला तिसरा गिअर पुरतो, चौथ्यातही बऱ्याचदा काम होतं. हा आनंद शब्दांत सांगणं अवघड आहे. सातारा रस्त्यावर लिनियाचं ते जड, नेमकं स्टिअरिंग हातात असताना अशी ताकद मिळाली की कळतं, ही गाडी सुरुवातीपासून यासाठीच जन्मली होती.

पहिले काही आठवडे सकाळी थंड इंजिन दोन-तीनदा बंद पडायचं. कारण इंजेक्टरचा डेड टाइम. विजेचा संदेश मिळाल्यापासून प्रत्यक्ष उघडेपर्यंत इंजेक्टरला साधारण एक मिलिसेकंद लागतो आणि व्होल्टेज पडलं की तो वाढतो. पूर्ण लोडच्या पंधरा मिलिसेकंदांत ०.१ ची चूक लपून जाते, आयडलच्या दोन मिलिसेकंदांत तीच पाच टक्क्यांची होते. इंजेक्टर घेताना त्याचा व्होल्टेजनुसार डेटा सोबत मिळतोय ना, हे बघूनच पैसे द्या. तो टेबलात नीट भरल्यावर पहिल्या सेल्फला सुरू होते, डिसेंबरात सिंहगडाच्या पायथ्याशीसुद्धा.

उन्हाळ्यात खरी परीक्षा झाली. बाहेर चाळीस अंश आणि चिपळूणकडून कुंभार्ली चढताना, मोठा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) टाकण्याआधी आत जाणारी हवा साठ अंशांच्या वर जायची. नॉक (पेट्रोल अवेळी पेटणं) ओळखणाऱ्या सेन्सरमुळे ठिणगीचं टायमिंग मागे जायचं आणि गाडी मंदावायची. आता ती पन्नाशीच्या आसपास थांबते आणि टायमिंग बहुतेक वेळ जागेवर असतं. मॅप ९५ ऑक्टेनवर बांधला आहे. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये पुण्या-मुंबईसह निवडक शहरांत आलं, पण गुहागर-दापोलीच्या वाटेवर ते मिळेलच असं नाही, आणि ज्या पेट्रोलवर परतीचा प्रवास होणार त्यावरच मॅप असावा. साधं पेट्रोल टाकायची वेळ आली तर मी बूस्टमध्ये जात नाही.

अ‍ॅव्हरेज शहरात नऊ-दहा, हायवेला तेरा-चौदा. थोडं कमी झालंय, त्यातला काही वाटा ई-२० चा आहे. इंजिन ऑइल ५डब्ल्यू-४० आणि सात हजार किलोमीटरला बदल. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, प्लग, कॉम्प्रेशन टेस्ट आणि बूस्टच्या पाइपांची गळती शोधणारी स्मोक टेस्ट हे सगळं मॅपच्या आधी उरकलं होतं. प्लगचा गॅप ०.७ मिमीवर आणल्यापासून उंच बूस्टला एकही मिसफायर नाही.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हींचा रोख एकच: गाडी कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून दूर नेता येत नाही. विम्याचा क्लेम त्यावर अडू शकतो. मी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला नाही, आणि तुम्हीही काढू नका. पीयूसी पहिल्या झटक्यात मिळते आणि मागे चालणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर धूर जात नाही.

पुढचं काम क्लच. लांबच्या चढावर चौथ्यात थोडा घसरल्याचा वास एकदा आला, तेव्हा पावसाळ्याआधी प्लेट आणि प्रेशर प्लेट दोन्ही बदलणार आहे. ब्रेक पॅडही त्याच वेळी. फियाटचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत, त्यामुळे एक इग्निशन कॉइल, एक मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) आणि थर्मोस्टॅट घेऊन ठेवलेत. ज्यांना टी-जेटवर हे करायचं आहे त्यांनी आधी हे तीन भाग शोधा, मिळाले तर लगेच उचला, आणि मग ट्यूनरला फोन करा.