महिन्याची यादी एकदाच: ग्राहक गटाच्या किराणा सेवेचा वर्षभराचा अनुभव

डोंबिवली पूर्वेला आमच्या वसाहतीत चालणाऱ्या एका ग्राहक गटाकडून आम्ही गेल्या गुढीपाडव्यापासून महिन्याचा किराणा घेत आहोत. घरात आम्ही दोघे, मधुमेह असलेल्या सासूबाई आणि दहावीतला मुलगा अशी चार माणसे आहेत. गट दोन वसाहतींपुरताच असल्यामुळे आणि सध्या फारसे नवे सभासद घेण्याची त्याची क्षमता नसल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. परंतु अशा पद्धतीने एकत्र खरेदी करणारे गट अनेक शहरांत आहेत, आणि त्यांत जावे की नाही असा विचार करणाऱ्यांना हा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि पुढच्याच वर्षी मुंबईतही ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी आपली मागणी एकत्र करावी, माल घाऊक बाजारातून आणावा आणि आपसांत वाटून घ्यावा, ही रीत त्या चळवळीने अनेक मध्यमवर्गीय घरांत पोहोचवली. आमचा गट स्वतंत्र असला तरी त्याची रीत तीच आहे. दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत मागणीपत्रक भरून पैसे आगाऊ द्यायचे. वाशीच्या दाणा बाजारातून माल येतो आणि पहिल्या रविवारी तो एका सभासदाच्या घरी उतरतो. चौदा घरे आहेत, त्यामुळे चौदा महिन्यांतून एकदा प्रत्येकाची पाळी येतेच. त्या दिवशी दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरत नाही, पण यादी वाचणे, पिशव्या लावणे आणि वजन तपासणे ही कामे सगळे मिळून करतात.

भावाबद्दल आधी सांगते, कारण बहुतेकांचा पहिला प्रश्न तोच असतो. गटात येण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत आमचा किराणा सरासरी ९,८०० रुपयांचा होत असे. गेल्या तीन महिन्यांची सरासरी ८,३०० रुपये आहे. या १,५०० रुपयांपैकी प्रत्यक्ष दरातील फरकामुळे किती वाचतात, हे पाहण्यासाठी मी प्रत्येक जिनसाचा वाण्याकडचा भाव शेजारी लिहून बेरीज केली, तेव्हा तो आकडा सुमारे ५५० रुपये निघाला. ज्वारी, शेंगदाणे, कडधान्ये आणि गूळ यांत चांगला फरक पडतो. साखर, मीठ आणि तांदूळ यांत जवळजवळ नाही, आणि तेल तर मोठ्या दुकानांतील सवलतीच्या दिवसांत कधीकधी तिकडेच स्वस्त मिळते. पाकीटबंद मालावर आता प्रति किलो किंवा प्रति ग्रॅम भाव छापणे बंधनकारक असल्याने ही तुलना करणे अवघड नाही. मात्र ती करताना पाकिटाची किंमत न पाहता तो बारीक अक्षरांतील भाव पाहावा.

मग उरलेले ९५० रुपये कुठून वाचले? एखादी वस्तू संपली म्हणून दुकानात जायचे आणि येताना बिस्किटे, फरसाण, झटपट शेवयांची पाकिटे घेऊन यायचे, हे आमच्याकडे आठवड्यातून तीन-चार वेळा होत असे. महिन्याची यादी एकदाच भरायची असल्यामुळे या फेऱ्या थांबल्या. माझ्या मते या सेवेचे खरे मोल इथे आहे: ती माणसाला महिनाभराच्या स्वयंपाकाचा विचार आधी करायला लावते.

तो विचार कसा करावा, हे मात्र मला पहिले दोन महिने जमले नाही. मी जुन्याच सवयीने यादी भरत होते. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेली आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे हाती आली. त्यांत दिवसाला २,००० कॅलरींच्या शाकाहारी ताटासाठी तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. प्रत्येकाची गरज वय आणि कामानुसार वेगळी असते हे खरे, तरीही चार माणसे आणि तीस दिवस असा ढोबळ गुणाकार केल्यावर तृणधान्ये ३० किलो, डाळी-कडधान्ये दहा किलोंहून थोडी जास्त आणि तेल-तूप सव्वातीन किलो असे आकडे आले. आमच्या मागणीपत्रकात गहू, तांदूळ, पोहे, रवा आणि साबुदाणा मिळून ३४ किलो, डाळी जेमतेम पाच किलो आणि तेल सहा लिटर होते. घरात मधुमेह असताना आम्ही पैसे नेमके कशावर घालवत होतो, हे त्या दिवशी कळले आणि मनाला फार लागले.

आता यादीत गहू आठ किलो, ज्वारी आठ, बाजरी किंवा नाचणी तीन आणि तांदूळ सात किलो असतो. तूरडाळ दोन किलो आणि मूगडाळ, मसूर, मटकी, हिरवे मूग, चवळी व हरभरे प्रत्येकी एक किलो. उरलेली गरज अंड्यांनी भागते. तेल चार लिटरांवर आले आहे. शेंगदाणे, तीळ, जवस आणि कारळे यांच्या चटण्या होतात, त्यामुळे महागड्या बदामांवाचून काही अडत नाही. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून मुलासाठी आणि सासूबाईंसाठी तिचे आंबील आठवड्यातून तीनदा होते. २०० ग्रॅम मटकीला मोड आले की चौघांची उसळ होते. तीवर लिंबू पिळले की त्यातील लोह शरीराला अधिक चांगले मिळते. भाकरी आणि उसळ एकत्र खाण्याची आपली जुनी पद्धत प्रथिनांच्या दृष्टीनेही योग्य आहे, कारण लायसिन आणि मेथिओनिन या प्रथिनांच्या घटकांपैकी तृणधान्यांत कमी असलेले लायसिन कडधान्ये पुरवतात आणि कडधान्यांतील मेथिओनिनची उणीव तृणधान्ये भरून काढतात.

भाज्या आणि फळे गटाकडून मिळत नाहीत, ती मंडईतूनच आणावी लागतात. वरच्या हिशेबाने आठवड्याला भाज्याच अकरा किलोंच्या वर लागतात, आणि भरपावसात पालेभाज्यांचे भाव चढले की तेवढ्या परवडत नाहीत. अशा आठवड्यांत आम्ही दुधी, भोपळा आणि काकडी यांवर भर देतो; थंडीत मात्र मेथी, पालक, गाजर, मटार आणि ओल्या तुरीच्या शेंगा मनसोक्त आणतो.

सेवेतील उणिवाही सांगायला हव्यात. जून महिन्यात आलेल्या गव्हात टोके निघाले आणि एकदा मटकीत खडे इतके होते की निवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. तक्रार केल्यावर माल बदलून मिळतो, परंतु तो पुढच्या महिन्याच्या मालाबरोबर येतो. तोपर्यंत वाण्याकडून पुन्हा विकत आणावा लागतो आणि त्या महिन्याचे गणित बिघडते. पावसाळ्यापूर्वी धान्य उन्हात घालायला आमच्या इमारतीत गच्ची मोकळी असते, पण सर्वांनाच ती सोय नसते. जिरे, मोहरी, धने यांची अर्ध्या किलोची पाकिटे येतात. चार माणसांच्या घरात ती संपेपर्यंत मसाल्यांचा वास उडून जातो. मी आणि शेजारच्या काकू एक पाकीट निम्मे-निम्मे घेतो.

सर्वांत मोठी अडचण आगाऊ पैशांची आहे. पगार महिन्याअखेरीस होतो आणि पैसे २० तारखेला भरायचे असतात. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना गटात घ्यावे अशी माझी इच्छा होती, कारण चार पैसे वाचण्याची गरज त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. परंतु महिन्याची रक्कम एकदम देणे त्यांना शक्य नव्हते आणि गटाच्या नियमांत हप्त्यांची सोय नाही. मार्चच्या बैठकीत मी दोन सूचना लेखी दिल्या आहेत: मसाल्यांची १०० ग्रॅमची पाकिटे करावीत आणि प्रत्येक घराने दरमहा वीस रुपये बाजूला काढून एक राखीव निधी उभारावा, म्हणजे दोन-तीन कुटुंबांना माल आल्यानंतर आठवड्याआठवड्याने पैसे फेडता येतील. चौदापैकी नऊ घरांनी निधीला होकार कळवला आहे आणि उरलेल्या पाच घरांशी या रविवारी, माल वाटून झाल्यावर, बोलायचे ठरले आहे.