विज्ञानाचे शब्दपत्ते: सात महिने वापरून

जूनमध्ये शाळा सुरू होताना लेकीसाठी विज्ञानाच्या मराठी-इंग्रजी शब्दपत्त्यांचा संच घेतला. ती चौथीत, सेमीला. पुढे विज्ञान इंग्रजीतून येणार, तेव्हा दोन्हीकडचे शब्द आत्तापासून कानावर पडावेत एवढाच हिशेब. 120 पत्ते, पुढे चित्र आणि इंग्रजी शब्द, मागे मराठी शब्द आणि एका ओळीची व्याख्या.

पहिले पंधरा दिवस निव्वळ घोकंपट्टी झाली. मग 'बाष्पीभवन' आलं. "आई, भवन म्हणजे बिल्डिंग ना? वाफेची बिल्डिंग?" हसू आलं, पण तिचं काय चुकलं? रोज शाळेच्या वाटेवर ती सांस्कृतिक भवनाची पाटी वाचते. इथलं भवन म्हणजे 'होणं', वाफ होणं. पत्त्यावर याचा पत्ताच नाही! तेव्हापासून आम्ही शब्द फोडून बघायला लागलो.

उभयचर, म्हणजे दोन्हीकडे वावरणारा: बेडूक लगेच बसला. परिवलन आणि परिभ्रमण मात्र महिनाभर उलटसुलट होत होते. शेवटी सोफ्याला मारुती केलं आणि तिला गिरक्या घेत घेत प्रदक्षिणा घालायला लावली. गिरकी ते परिवलन, प्रदक्षिणा ते परिभ्रमण. एका गिरकीचा एक दिवस, एका प्रदक्षिणेचं एक वर्ष. 365 गिरक्या अर्थातच झाल्या नाहीत, आठव्या-नवव्यालाच चक्कर आली.

फोडून सगळंच सुटतं असं नाही. 'संघनन'मध्ये 'घन' दिसला आणि ती अडली, कारण आधीच्याच पत्त्यावर घन म्हणजे दगड, बर्फ असं शिकलेली. मग वाफेचा थेट बर्फ होतो का? इथे घन म्हणजे दाट. भूगोलात याच क्रियेला सांद्रीभवन म्हणतात, त्या 'सांद्र'चा अर्थही दाटच. एवढं सांगूनही तिचा चेहरा कोराच. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून सांगितलं, "अगं, भाजीवरच्या ताटाला आतून घाम येतो ना, तेच." संपला विषय.

तक्रारी आहेत. कोपरे दिवाळीपर्यंत सुटले. मागची अक्षरं इतकी बारीक की 'प्रकाशसंश्लेषण' वाचताना मीच चष्मा शोधते. सूर्यमालेच्या पत्त्यावर अजून नऊ ग्रह आहेत. प्लूटोला 2006 मध्येच बटुग्रह ठरवलं, हे छापणाऱ्याला कळायला हवं होतं. लेकीने त्यावर पेनाने काट मारली आहे. आणि वजन-वस्तुमान दोन्हींना एकच तराजूचं चित्र! मुलांचा गोंधळ नेमका जिथे होतो तिथेच हात आखडता घेतलाय.

तरी पत्ते रोज बाहेर निघतात. सध्या वाद देवमाशावर आहे. तो पिल्लांना दूध पाजतो म्हणून सस्तन प्राण्यांत गेला. आता तारामासाही मासा नाही असं कळल्यापासून तिने मासे असलेला गठ्ठा पुन्हा तपासायला घेतलाय, आणि घरातल्या कुणाच्याही शब्दावर तिचा विश्वास उरलेला नाही.