बटणासोबत ऐकू येणारे शॉर्टकट: आठ महिन्यांचा अनुभव

मला दिसत नाही. संगणकावरचे सगळे काम मी एनव्हीडीए या, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर करतो. पत्रव्यवहार नोंदवण्याचे, ब्राउझरमध्ये चालणारे एक सॉफ्टवेअर मी आठ महिन्यांपासून वापरत आहे. पहिल्याच दिवशी टॅब दाबत एका बटणावर पोहोचलो, तेव्हा ‘जतन करा, बटण, कंट्रोल प्लस शिफ्ट प्लस एस’ असे कानावर पडले आणि मी थबकलो. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही माहिती माउस नेल्यावर उमटणाऱ्या चौकटीत असे, म्हणजे माझ्यापुरती ती नव्हतीच. सहकाऱ्यांना विचारून मी शॉर्टकट ब्रेलमध्ये उतरवून ठेवले होते. इथे पंधरवड्यात बहुतेक शॉर्टकट आपोआप पाठ झाले.

ही सोय बटणाच्या कोडमध्ये लिहिल्या जाणाऱ्या एरिया-कीशॉर्टकट्स या गुणधर्मामुळे मिळते. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या २०१७ सालच्या एरिया १.१ या सुगम्यतेच्या मानकात तो आला. मात्र तो शॉर्टकट फक्त जाहीर करतो. कळा दाबल्यावर काम घडवणारा कोड वेगळा असतो, आणि दोन्हींचा मेळ राखणे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या हाती असते. तिसऱ्या महिन्यात मी ‘उत्तर द्या’चा शॉर्टकट सेटिंगमधून बदलला. नवा शॉर्टकट चालू लागला, पण बटण जुनाच सांगत राहिले, आणि कानाने ऐकलेलेच बोटे दाबत असल्यामुळे मी कित्येकदा फसलो. तक्रार केल्यावर पुढच्या आवृत्तीत हे सुधारले.

एकेरी अक्षरांच्या शॉर्टकटचा प्रश्न अधिक किचकट आहे. यादीत पुढे जायला ‘के’ दाबा, असे ऐकून मी ‘के’ दाबतो, तर ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान वाचत फिरण्याच्या मोडमध्ये, एनव्हीडीए ती कळ स्वतःकडे घेऊन मला पुढच्या लिंकवर नेतो. फोकस मोडमध्ये गेल्याशिवाय ती सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचतच नाही. असे शॉर्टकट बंद करता यावेत, बदलता यावेत किंवा फोकस त्या घटकावर असतानाच चालावेत, असे डब्ल्यू३सीची २०१८ सालची वेब सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे, डब्ल्यूसीएजी २.१, सांगतात. इथे ते बंद करता येतात, मी केले.

शॉर्टकट पाठ झाल्यावर तेच ते ऐकणे नकोसे होते. शॉर्टकट बटणाच्या नावापासून वेगळा जाहीर होत असल्यामुळे एनव्हीडीएच्या ‘ऑब्जेक्ट प्रेझेंटेशन’ सेटिंगमधून त्याचा उच्चार थांबवता येतो. अपवाद ‘पुढे पाठवा’ या बटणाचा: तिथे कुणीतरी अतिउत्साहाने शॉर्टकट नावातही लिहून ठेवला आहे, त्यामुळे सेटिंग बंद असली तरी ते बटण आपला शॉर्टकट ऐकवतेच.