मणक्यातलं पाणी कुठं पाठवायचं: ट्रूनॅट, सीबीनॅट की कल्चर?

फुप्फुसाच्या टीबीत थुंकीत जंतू भरपूर सापडतात. मेंदूच्या टीबीत मणक्यातल्या पाण्यात (सीएसएफ) ते मिलीलिटरमागे अनेकदा शंभरही नसतात. त्यामुळे झेडएन स्लाइड, म्हणजे रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, बहुतेक वेळा निगेटिव्ह येते आणि खरी निवड तीन चाचण्यांत उरते: जंतूचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट आणि ट्रूनॅट, आणि जंतू वाढवून पाहणारं कल्चर. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या मेडिकल ऑफिसरने आणि लॅब टेक्निशियनने ती कशी करावी, ते पाहू.

सीबीनॅट, म्हणजे जीनएक्स्पर्ट. इथं पहिला प्रश्न मशीनचा नाही, नमुना घालायच्या कार्ट्रिजचा आहे: जुनं एक्स्पर्ट की नवं अल्ट्रा. जुन्या एक्स्पर्टला नमुन्यात मिलीलिटरमागे साधारण ११० ते १३० जंतू लागतात, अल्ट्राला सुमारे १६ पुरतात. टीबीच्या जंतूत अनेक प्रतींत असणारे आयएस६११० आणि आयएस१०८१ हे तुकडे अल्ट्रा शोधते, म्हणून हा फरक. कल्चरशी ताडून पाहिलं तर मणक्याच्या पाण्यात जुनं एक्स्पर्ट सुमारे ७० टक्के रुग्ण पकडतं, अल्ट्रा ९० टक्क्यांच्या जवळ जाते. आकडा चांगला दिसतो, पण मेंदूच्या टीबीचे कितीतरी रुग्ण कल्चरलाच सापडत नाहीत. लक्षणांसह सगळं धरून निदान झालेल्या रुग्णांत अल्ट्राही दहातले सहाच्या आसपासच पकडते. निकाल दोन तासांच्या आत येतो. मशीनच्या खोलीचं तापमान मात्र ३० अंशांच्या आत हवं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे एसी बंद पडला आणि लाइट गेली, की ही अट कागदावरच राहते.

अल्ट्राचा ‘ट्रेस’ (अगदी थोडे जंतू) निकाल थुंकीत, त्यातही जुन्या टीबीच्या रुग्णात, घोळ घालतो. मणक्याच्या पाण्यात तो पॉझिटिव्हच धरायचा. त्यात रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाला जंतू दाद देतो का, याचं उत्तर मिळत नाही, एवढंच.

ट्रूनॅट गोव्यात बनतं, बॅटरीवर चालतं आणि ४० अंशांपर्यंतच्या खोलीत काम करतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही मोठी जमेची बाजू. पण २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली ती फुप्फुसाच्या टीबीसाठी, आणि मणक्याच्या पाण्यावरचा अभ्यास एक्स्पर्टइतका भक्कम नाही. ट्रूनॅटची चाचणी ज्यावर होते ती चिप एमटीबी प्लस असेल तर ती आयएस६११०ही शोधते, म्हणून इथं तीच वापरावी. डीएनएचा अर्क काढायला नमुना फक्त अर्धा मिली जातो. पुढं ६ मायक्रोलिटर अर्क पिपेटने हाताने घालायचा असतो. बुडबुडा गेला, माप चुकलं, की चाचणी बिघडते. टीबी निघाला तर रिफॅम्पिसिनची दुसरी चिप त्याच अर्कावर लावता येते, पण जंतू कमी असले की तिचं उत्तर अनेकदा ‘इनडिटरमिनेट’, म्हणजे ठरवता न येणारं, येतं.

कल्चर द्रव माध्यमात, एमजीआयटीमध्ये, लावतात. निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस लागतात, त्यामुळे औषध सुरू करायचा निर्णय त्यावर टांगून ठेवता येत नाही. तरी ते सोडू नये. नेहमीचं सीबीनॅट कार्ट्रिज आणि ट्रूनॅटची रिफ चिप आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाला जंतूचा प्रतिकार दाखवत नाहीत, आणि मेंदूपर्यंत उत्तम पोहोचणाऱ्या औषधांपैकी ते एक.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते: पाणी किती काढलं. दोन मिलीवर भागवण्याची सवय मोडली पाहिजे. मोठ्या माणसात टीबीसाठी ८ ते १० मिली हवं, आणि शेवटची ट्यूब टीबीला द्यावी, कारण पहिलीत सुईचं रक्त असू शकतं आणि रक्ताने चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. ‘पाणी काढलं की पाय लुळे पडतात’ ही नातेवाइकांची भीती सगळीकडे भेटते. शरीर दिवसाला साधारण ५०० मिली नवं पाणी तयार करतं, हे समजावून सांगितलं तर बरेच जण तयार होतात. मात्र एका बाजूची कमजोरी, खूप गुंगी किंवा डोळ्याच्या पडद्यावर सूज असेल, तर आधी सीटी.

एक्स्पर्टच्या पद्धतीत ५ मिलीपेक्षा जास्त पाणी असेल तर सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पट) जोराने १५ मिनिटं फिरवून तळाचा गाळ रीएजंट घालून २ मिली करतात. पाणी १ ते ५ मिली असेल तर तितकंच रीएजंट मिसळून २ मिली कार्ट्रिजमध्ये जातं. म्हणजे चार मिली काढूनही प्रत्यक्षात तपासलं जातं एकच मिली. आणि ३००० जी म्हणजे ३००० आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० आरपीएमला जेमतेम १५०० जी मिळतात. ३००० जीसाठी ४२०० च्या वर आरपीएम लागतात. तेवढा वेग नसेल तर न फिरवता सगळं पाणी पुढच्या लॅबला पाठवावं. गाळावरचं पाणी फेकू नये, प्रोटीन आणि एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) या तपासण्या त्यावर होतात. साखर मात्र लगेच तपासावी, सोबत रक्तातलीही.

मग निवड कशी? अल्ट्रा असलेलं केंद्र त्याच दिवशी गाठता येत असेल तर अल्ट्राच. धारणी किंवा भामरागडसारख्या ठिकाणी ट्रूनॅट आवारात असेल आणि पुढचा रस्ता पावसाने बंद असेल, तर नमुन्याचा एक भाग ट्रूनॅटला लावून बाकी २ ते ८ अंशांत ठेवावा आणि वाट मोकळी होताच पाठवावा. पाणी एक-दीड मिलीच मिळालं तर ते तीन ठिकाणी वाटू नये. सगळं जंतूचा डीएनए शोधणाऱ्या एकाच चाचणीला द्यावं, अन् ती अल्ट्रा असेल तर उत्तम. कल्चरसाठी पुन्हा पाणी काढता येतं.

निगेटिव्ह निकालावर टीबीचं औषध थांबवू नये, आणि संशय दाट असेल तर निकालाची वाटही पाहू नये. औषधांसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही सुरू व्हावं. एडीए दहाच्या वर म्हणजे टीबीच, असंही नाही. पू झालेल्या मेंदूज्वरातही तो वाढू शकतो. एचआयव्ही असेल तर क्रिप्टोकॉकस या बुरशीची अँटिजेन तपासणी हवी. गडचिरोलीत मलेरियाची स्लाइड आणि रॅपिड किट, पावसाळ्यात स्क्रब टायफस हेही पाहावं. लहान मुलात दोन दिवसांच्या तापात झटके आले तर आधी चांदीपुरा विषाणू, जपानी मेंदूज्वर यांचा विचार करावा. मेंदूचा टीबी सहसा इतका घाईने येत नाही.

नमुन्याच्या फॉर्मवर ‘सीएसएफ’, काढलेले मिली, काढल्याची वेळ आणि टीबीचं औषध सुरू असल्यास कधीपासून, हे चारही लिहावं. यांतलं काही नसेल तर निगेटिव्ह निकालाचा अर्थ पुढच्या डॉक्टरला लावता येत नाही.