म्हापशाची फिश थाळी: बोर्डावर रेट तोच, ताटात मासा वेगळा

खानावळीचं नाव मुद्दाम टाकत नाही, आधीच दुपारी एकनंतर दारात उभं राहावं लागतं, अजून गर्दी झाली तर मलाच जागा मिळायची नाही. मार्केटच्या मागच्या बाजूला, पाच-सहा टेबलं, अनोळखी माणसासमोर बसून जेवायची तयारी हवी. मी बारावी कॉमर्सच्या पोरांची शिकवणी घेतो आणि मागणी-पुरवठ्याचे आलेख काढून काढून पण ज्यांच्या डोक्यात काही शिरत नाही त्यांना सरळ इथे आणून बसवतो.

थाळी 200. उकड्या तांदळाचा भात, हुमण (नारळाच्या रसातली माशाची आमटी), एक भाजी, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर), सोलकढी आणि एक तळलेला मासा. आता मासळीचा भाव रोज वरखाली होतो मग हे 200 टिकतात कसे, तर मासा बदलतो ना! बांगडा भरपूर आला की अख्खा बांगडा, टंचाई असली की अर्धा, नाहीतर लेपो, हा चपटा मासा. आजूबाजूच्या सगळ्यांची थाळी 200 ला, त्यामुळे खानावळीचे मालक, आमचे मामा, 210 करायला घाबरतात, गिऱ्हाईक दहा रुपयांवरून उठून जातं पण माशाचं शेपूट बारीक झालेलं तेवढं मनावर घेत नाही. कमाई थाळीत नाहीच, ती फ्रायमध्ये. इसवण म्हणजे सुरमई, तिच्या फ्रायचा रेट खडूने लिहितात, रोज पुसून नवा, आणि जून-जुलैत तर तिथे आकडाच नसतो, 'विचारा' एवढंच. विचारू नका.

कारण 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, 61 दिवस. तेव्हा बाजारात येतो तो बराचसा बाहेरच्या राज्यातला, बर्फातला. मग ऑगस्टात बोटी सुटतात आणि नेमका त्याच सुमाराला श्रावण, म्हणजे पुरवठा वाढला आणि अर्ध्या गावाने मासे सोडले, भाव पडणारच. पुस्तकात मागणीची रेषा डावीकडे सरकते म्हणून बाण काढलेला असतो, इथे ती रिकाम्या खुर्च्यांत दिसते. न पाळणाऱ्यांची तेव्हा मजा, ताटाबाहेर जाणारा बांगडा मिळतो. सोमवारचं पण तेच छोट्या प्रमाणात.

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे फ्राय सांगितलं की पोरगा आधी कच्च्या माशांचं ताट टेबलावर आणतो, कल्ला उचलून आतला लाल रंग, म्हणजे ताजेपणाची खूण, दाखवतो आणि मगच रवा लावायला आत नेतो. 2018 च्या जुलैत मासे टिकवायला फॉर्मालिन, म्हणजे मृतदेह टिकवायचं रसायन, वापरतात अशी बातमी आली तेव्हा गोव्यात लोकांनी चांगला मासा पण घ्यायचं बंद केलं होतं, कारण चांगला कुठला आणि वाईट कुठला हे गिऱ्हाइकाला कळत नाही, विकणाऱ्याला कळतं. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी हेच सेकंड हँड गाड्यांबद्दल मांडलं आणि 2001 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पोरांना हे नाव परीक्षेपुरतं लक्षात राहतं, कल्ला मात्र कायमचा :)

भात आणि हुमण पोटभर, मासा एकच. एका विद्यार्थ्याने विचारलं सर हे बुडत कसे नाहीत, म्हटलं तू घे अजून एकदा. पहिला भात चाटूनपुसून, दुसरा गप्पा मारत, तिसऱ्याला वाढपी यायच्या आधीच ताटावर आडवा हात. घटती सीमांत उपयोगिता, म्हणजे पुढच्या प्रत्येक वाढीची मजा आधीपेक्षा कमी, झालं प्रकरण शिकवून. आणि चौथ्यांदा घेणारा एखादा निघालाच तरी वाटीभर उकडो मामांना असा कितीसा पडतो.

तक्रार एकच पण मोठी. नारळ महागल्यापासून सोलकढीचा स्टीलचा उंच पेला गेला आणि काचेचा बुटका ग्लास आला, वर कढी पण पातळ, नुसतं आमसुलाचं गुलाबी पाणी. हुमणातही रस कमी झालाय. माशाचा आकार हंगामाप्रमाणे लहानमोठा होतो ते चालतं, तो परत वाढतो पण, हा ग्लास काय परत वाढणार नाही. मामांना सरळ सांगितलं, दहा रुपये वाढवा पण नारळ घाला. हसले नुसते.

केंद्राच्या 2019-20 च्या आर्थिक पाहणीत थालीनॉमिक्स नावाचं अख्खं प्रकरण होतं, कारखान्यातल्या कामगाराच्या कमाईच्या मानाने 2006-07 पासून शाकाहारी थाळी 29% आणि मांसाहारी 18% जास्त परवडायला लागली असा हिशोब. पोरांना तो वाचायला देतो, पण जेवून आल्यावर. पेला बुटका झाला तर तो हिशोबात कुठे धरायचा यावर मग जोरदार भांडण होतं, ते ऐकण्यासारखं असतं.

जायचं असेल तर साडेबाराच्या आत जा. शुक्रवारी बाजाराची गर्दी असते, टाळा. सुटे पैसे न्या, क्यूआर कोड भिंतीवर आहे पण नेटवर्क येत नाही. थाळीला साडेचार स्टार, सोलकढीला दोन.