मे महिन्यातली आइसलँड ‘हायलँड्स’ फोटो टूर : पैसे भरण्याआधी हे वाचा

आइसलँडच्या हायलँड्सची, म्हणजे देशाच्या मधल्या डोंगराळ, निर्जन भागाची, फोटोग्राफी टूर कुणी मे महिन्यातली विकत असेल, तर एक रुपयाही देऊ नका. तिथल्या रंगीत डोंगरांच्या लांडमन्नालौगारकडे जाणारे एफ रस्ते, म्हणजे हायलँड्समधले कच्चे डोंगरी रस्ते, साधारण जूनच्या मध्यानंतर उघडतात. बर्फ वितळताना जमीन भुसभुशीत होते, चाकांच्या खुणा वर्षानुवर्षं बुजत नाहीत, म्हणून तिथलं रस्ते खातं सरसकट सगळ्या गाड्यांना बंदी घालतं. मागच्या वर्षांच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. आम्ही अशाच टूरला गेलो होतो; आमच्या आयोजकाला हे माहीत नव्हतं, हे मला पटत नाही.

आम्हाला सांगितलं होतं, “आपली सुपरजीप (प्रचंड टायरांची फोर बाय फोर) आहे, तिला बंदी नसते.” केफ्लाविक विमानतळावर उतरलो तर समोर साधी व्हॅन, शहरातले टायर. एफ रस्त्यावर फोर बाय फोरशिवाय जायला कायद्यानंच मनाई आहे. म्हणजे तिकडे न्यायचंच नव्हतं! रोज ‘उद्या बघू’ चाललं. शेवटी एफ २०८ च्या तोंडाशी नेलं. बंदीचा फलक, पलीकडे रस्ताभर बर्फ, आणि वर स्वच्छ ऊन. त्या उन्हात उभं राहून आयोजक म्हणाला, “सर, हवामानापुढे आपण काय करणार?”

मग स्कोगाफॉस आणि सेल्यालँड्सफॉस हे धबधबे, रेनिसफ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा. सुंदरच आहेत, पण तिथे कुठलीही बस जाते. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट इतकी वर्षं टिपल्यावर मला लांडमन्नालौगारचे ऱ्हायोलाइट या फिकट ज्वालामुखी खडकाचे केशरी-हिरवट डोंगर हवे होते आणि त्यांच्या पायथ्याशी १४७७ च्या उद्रेकात थिजलेला लौगाहरौनचा लाव्हा. पैसे त्यासाठीच साठवले होते.

परतावा मागितला तर ‘नैसर्गिक कारणाने मार्गबदल’ हे कलम पुढे केलं. जाहिरातीतले फोटोही इतरांचे निघाले. त्यातलं पांढरं कापूसगवत तर जुलै-ऑगस्टमध्ये फुलतं.

आणखी एक. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याने टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर) घेऊन तो ग्राहकाच्या पॅनवर जमा करायचा असतो. आमच्याकडून पैसे खासगी खात्यावर घेतले, टीसीएसचा पत्ता नाही. तिथली गाडी-गाईड कंपनी कोणती, तिच्याकडे आइसलँडच्या पर्यटन मंडळाचा परवाना आहे का, हे आधी लेखी मागा. गाडीचा प्रकार आणि एफ रस्त्याचा क्रमांकही लेखीच घ्या.

मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. ज्यांनी आगाऊ रक्कम भरली असेल त्यांनी जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट आणि बँकेची नोंद आजच वेगळी काढून ठेवा. आमच्या गटातल्या काहींना पाठवलेले मेसेज आयोजकाने नंतर पुसून टाकले.